बघूतरी पाण्यात उतरतो

काही माणसे उत्तरांवर जगतात, काही प्रश्नांवर. हा प्लंबर प्रश्नांवर जगत असे. जेवण चुकले तर चालेल, पण भिंतीच्या पोटात पाणी कुठे टपकते आहे आणि का टपकते आहे, हे कळल्यावाचून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. गिऱ्हाईक म्हणे, “नळ गळतोय, नवा बसवून द्या.” हा पिशवी खाली ठेवी आणि म्हणे, “बघू तरी.” मग नळ खोले, वॉशर काढी, तो खिडकीच्या उजेडात धरी, नखाने त्याची कड चाचपे, पाइपाचे आटे पुसून त्यांवरून बोट फिरवी. घटकाभराच्या कामाला सकाळ जाई. पण त्याने दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळला, असे सांगणारा माणूस शोधूनही सापडत नसे.

“बघू तरी, बघू तरी” म्हणता म्हणता लोकांनी त्याचे नावच बघूतरी ठेवले. त्याचे खरे नाव कुणी विचारले, तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावे लागे.

हा स्वभाव लहानपणापासूनचा. वेळ येते कुठून, हे बघायला त्याने घरातले घड्याळ खोलले होते. चाके पुन्हा जुळवली, घड्याळ टिकटिकू लागले, पण एक बारीकसे पितळी चाक हातात शिल्लक राहिले. मारायला उठलेले वडील ते चाक बघून हसत खाली बसले. पुढे पिशव्या बदलल्या, हत्यारे बदलली, ते चाक मात्र पिशवीच्या आतल्या कप्प्यात तसेच राहिले. त्याचे काम काय होते, हे त्याला अजून कळायचे होते.

दुसरी एक खोड होती, आणि ह्या कथेत ती फार महत्त्वाची आहे. तो आपला पान्हा कुणाच्या हाती देत नसे. शिडी कुणाला धरू देत नसे. कुठलीही टाकी बांधून झाली, की ती भरायची, स्वतः आत उतरायचे, सांधा न् सांधा तपासायचा आणि मगच मालकाच्या ताब्यात द्यायची. “दुसऱ्यानं धरलं तर आपल्याला कसं कळणार धरलंय की नाही?” असे त्याचे म्हणणे. आयुष्यभर त्याने सगळ्यांना धरून ठेवले. त्याला धरायची संधी त्याने कुणाला दिली नाही.

बायको शिवणकाम करी. तिची मावशी ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनाघराची देखभाल करी. खुर्च्या पुसणे, झाडलोट, दारे उघडणे, लावणे. मावशीची जीभ तिच्या झाडूपेक्षा कडक होती आणि मन त्याच झाडूने झाडल्यासारखे लख्ख होते. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या, टाकीत पाणी राहत नाही म्हणून तिनेच भाचजावयाला बोलावणे धाडले. तो आला, म्हणाला, “बघू तरी,” आणि त्या दिवसापासून ती टाकी त्याचीच झाली.

ही टाकी व्यासपीठाच्या फळ्यांखाली होती. फळ्या उचलल्या की पांढऱ्या फरशांचा छातीभर खोल चौक दिसे. एका बाजूने उतरायच्या पायऱ्या, समोरच्या बाजूने चढायच्या. मागे भिंतीपलीकडे कपाटाएवढी खोली होती. तिच्यात दोन लोखंडी चाके होती: एक गरम पाणी आत घेण्याचे, दुसरे पाणी बाहेर सोडण्याचे. दोहोंचा रंग केव्हाच उडाला होता. कुठले कोणते, हे बघूतरीच्या हाताला ठाऊक. सोडायचा व्हॉल्व्ह झिजलेला होता, पाणी थोडे थोडे झिरपे; म्हणून उपासना चालू असताना तिथे बसून वरून बारीक धार राखावी लागे. बघूतरी बसे.

पाण्याची पातळी दिसावी म्हणून त्या खोलीच्या भिंतीला तळहाताएवढा झरोका होता. त्यातून दिसायचे किती? चढायच्या पायऱ्या आणि त्यांच्या पायथ्याचे थोडेसे पाणी. बस्स. लोक उतरताना दिसत नसत. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्यांना पाण्याखाली नेत, तेही दिसत नसे. आवाज येई: “पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने...” मग पाण्याचा खळाळ. मग शांतता. आणि मग झरोक्यात वर येणारा एक ओला चेहरा.

ते चेहरे! ते बघून बघून बघूतरीचे मन खुळावले. एक दांडगा ट्रकचालक वर आला, तो लेकरासारखा रडत होता. जन्मभर कपाळाला आठ्या घातलेली एक निवृत्त शिक्षिका वर आली, ती इतकी हसत होती की तिला पायरी दिसेना. एक तरुण सुतार वर आला आणि नुसता आपल्या तळहातांकडे बघत उभा राहिला. ते जणू आजच कुणी त्याला बसवून दिले होते. पाणी तेच. टाकी तीच. ऊन किती, गार किती, ते बघूतरीनेच ठरवलेले. मग मधल्या क्षणात घडते काय?

त्याने तपास केला. लोक गेल्यावर त्याने पेलाभर पाणी काढून उजेडात धरले, हुंगले, बोट बुडवून जिभेला लावले. पाण्यासारखे पाणी! पापे धुतली गेली म्हणतात, ती गेली कुठे? पाण्यात उतरली असतील, तर पाणी इतके नितळ कसे? ह्या शंकेपायी तो मावशीला ते पाणी अंगणातल्या कुंड्यांना घालू देईना.

“नको मावशी. काय सांगता येतं? झाडांना बाधायचं.”

“अहो जावईबापू, झाडांना कसली पापं बाधतायत? ती बिचारी एका जागी उभी असतात!”

तरी तो सगळे पाणी गटारात सोडी. आणि मावशी रिकामी बादली आपटत म्हणे, “ह्या माणसाला स्वर्गात घेतलं, तर हा आधी तिथला नळ खोलेल.”

शेवटी एके दिवशी त्याने तेच केले, जे प्लंबर करतो. शनिवारची दुपार होती. टाकी भरली होती, प्रार्थनाघरात कुणी नव्हते. कुठलीही टाकी स्वतः उतरून तपासायची, हा नियम. मग हिलाच अपवाद का? त्याने सदरा काढला, पायऱ्या उतरला, मध्यभागी उभा राहिला. भिंतीआडून ऐकलेले पाळकांचे शब्द मोठ्याने म्हटले, नाक धरले आणि बुडी मारली. पाण्याखाली डोळे टक्क उघडे ठेवले. निसटता कामा नये काही! त्याला फरशा दिसल्या. एका फरशीचा सांधा उकलला होता, तो दिसला. नाकात पाणी गेले, जोराचा ठसका लागला, तो वर आला. मनात एवढेच आले की सांधा भरायला हवा.

काही घडले नाही. तो अंग पुसून घरी गेला. हसे होईल म्हणून कुणाला बोलला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी, झरोक्याशी बसलेला असताना, त्याने पाळकांचा उपदेश ऐकला. पाळक सांगत होते की बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो. तो पुन्हा पुन्हा देता येत नाही.

गरम पाण्याच्या खोलीत बसून बघूतरी गार पडला.

त्याच्या धंद्यात तांब्याची एक चकती असते. जास्त दाबाच्या जोडावर ती बसवतात. पहिल्यांदा आवळली की दबून ती जोडाचा आकार घेते आणि थेंब बाहेर येऊ देत नाही. पण उपसून दुसऱ्यांदा बसवली, तर ती गळणारच. तिचे काम एकदाच. ‘माझी चकती,’ त्याला वाटले, ‘मीच माझ्या हाताने आवळली. नुसती बघायला म्हणून. वाया घालवली.’

बघा, किती साधी चूक! आणि किती वर्षे ती उरात घेऊन तो त्या झरोक्याशी बसला. इतरांसाठी पाणी कोमट करीत राहिला. प्रत्येक वर येणारा चेहरा पूर्वी त्याला प्रश्न वाटे. आता तो आपल्याला बंद झालेले दार वाटू लागला. कारण दरम्यान एक गोष्ट त्याच्या नकळत घडली होती. भिंतीआडून ऐकता ऐकता त्याचा जीव येशूवर जडला होता. घरी कुणी बघत नाही असे पाहून तो प्रार्थना करू लागला होता. पाण्यात काय आहे, हे त्याला नुसते जाणायचे उरले नव्हते. त्याला ते हवे होते.

ही सगळी वर्षे बायकोही थांबली होती. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे तीच शिवी. झग्याचा घेर पाण्यात तरंगून वर येऊ नये म्हणून काठात वजन घालावे लागते. त्यासाठी ती नवऱ्याच्या पिशवीतले छोटे पितळी नट मागून घेई आणि एकेक करून काठात टाकून बसवी. मंडळीतला प्रत्येक जण बघूतरीचे नट पायाशी घेऊन पाण्यात उतरला होता. दुसऱ्यांचे झगे शिवणारी ती बाई स्वतः मात्र उतरली नव्हती. “आपण दोघं बरोबर उतरू,” असे ती म्हणे. तो “बघू” म्हणे. त्यातला “तरी” हल्ली गळाला होता, हे तिच्या ध्यानात आले होते.

मग एका आठवड्यात, रात्रीची जेवणे झाल्यावर, तिने टेबलावर एक नवा झगा पसरला.

“कुणाचा हा?” त्याने विचारले.

“लावा ना अंगाला. कळेल.”

त्याने लावला. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता कापलेला होता. जन्मभर पिशवी वाहून त्याचा उजवा खांदा कलला होता. त्या कलण्यासह, त्याच्या मापाचा झगा होता तो.

“मला नाही जमायचं,” तो म्हणाला.

“का?”

त्याने झगा टेबलावर ठेवला.

“माझ्या देवाची लाज वाटते?”

“अगं, काहीतरीच काय! लाज कशाला वाटेल?”

“मग काय अडतंय?”

“व्हॉल्व्ह कोण सांभाळणार?”

ती हसली, पण ते हसू ओठांपर्यंतच आले. “लग्नाच्या दिवशीसुद्धा तुम्ही सभागृहाचा नळ दुरुस्त करत होता. फोटोत माझ्या हातात फुलं आहेत आणि तुमच्या हातात पान्हा. मी तेव्हाही काही बोलले नाही. आज बोलते. ह्या रविवारी मी उतरणार. तुम्ही आलात तर दोघं. नाही आलात, तर बसा त्या भोकाशी.” ती झग्याची घडी घालू लागली. “वर येताना दिसेन मी तुम्हाला. खाली जाताना दिसणार नाही.”

ह्या शेवटच्या वाक्याने त्याला त्या रात्री कूस बदलायला लावली.

शनिवारी तो टाकी भरायला आला. मावशी फरशी पुसत होती. त्याचा चेहरा बघून तीही टोमणा गिळून बाहेर गेली. पाणी पायरी पायरीने चढत होते. इतक्यात काठीचा ठक ठक आवाज करीत पाळकसाहेब आले. वय झाले होते, गुडघा धरला होता, पण डोळे असे मिस्कील की समोरच्याला आपली बटणे नीट लागली आहेत ना, हे तपासावेसे वाटावे. ते टाकीच्या काठावर बसले आणि काठीचे टोक पाण्यात बुडवून म्हणाले, “काय बघूतरी, उद्या तुझी बायको उतरतेय म्हणे. आणि तू?”

“साहेब, एक विचारू?”

“तू विचारल्याशिवाय राहिलायस कधी?”

“एखाद्यानं... म्हणजे समजा हं... एखाद्यानं आपला बाप्तिस्मा वाया घालवला, तर त्याला पुन्हा मिळतो का?”

“वाया घालवला म्हणजे? पाण्यातून निघून चोरी करायला गेला?”

“नाही. आधीच चाचणी घेतली.”

पाळकांनी काठी बाहेर काढली. मग बघूतरीने सगळे सांगितले. शनिवारची दुपार, सदरा, शब्द, बुडी, उघडे डोळे, फरशीचा सांधा, तांब्याची चकती. सांगताना तो पाण्याकडेच बघत होता. पाळकांनी एकदाही मध्ये तोंड घातले नाही.

“शब्द कुणी म्हटले?” त्यांनी शेवटी विचारले.

“मीच.”

“तुला धरलं कुणी होतं?”

“कुणी नाही. मी नाक धरलं होतं.”

“आणि वर कुणी काढलं?”

“मीच आलो, साहेब. ठसका लागला म्हणून.”

पाळक असे हसले की काठी हातून सुटून पाण्यात पडली आणि तरंगू लागली. “अरे बाबा, तू आंघोळ केलीस! मंडळीच्या टाकीत, मंडळीच्या पाण्यात, चांगली मनसोक्त आंघोळ. सांधा सापडला, तेवढा मंडळीचा फायदाच झाला.”

“पण शब्द तर तेच होते. पाणीही तेच.”

“होते ना. देणारा कुठे होता?” पाळकांचे हसू ओसरले; आवाज खाली आला, मऊ झाला. “असं बघ. प्रभू येशू स्वतः बाप्तिस्मा घ्यायला नदीवर गेला. त्याच्याकडे धुवायला पाप नव्हतं. नदी समोर वाहत होती. एकटा उतरला असता तर कोण अडवणार होतं? तो रांगेत उभा राहिला. तिथे बाप्तिस्मा देणाऱ्या एका माणसापुढे गेला आणि म्हणाला, तू मला दे. तो माणूस घाबरला, मागे सरला. पण येशूनं ऐकलं नाही. पाणी ज्यानं निर्माण केलं, त्यानंसुद्धा ते दुसऱ्याच्या हातून घेतलं, बघूतरी. कुणी स्वतःला जन्म देत नाही. आणि कुणी स्वतःला पुरतही नाही. दोन्हीला दुसऱ्याचे हात लागतात.”

बघूतरीने गुडघ्यावर वाकून तरंगती काठी काढली आणि पुसली. “पुरणं कशाला म्हणता, साहेब? मी तर धुणं समजत होतो.”

“धुणंही आहे. पण त्याच्या आत आणखी खोल काहीतरी आहे. ख्रिस्त मेला, पुरला गेला आणि उठला. त्याच्यावर विश्वास ठेवणारा म्हणतो, त्याच्या मरणात माझं जुनं जगणंही संपलं. तो उठला, तसं माझंही नवं सुरू झालं. हे तोंडानं म्हणता येतं. सगळ्या अंगानं कसं म्हणायचं? म्हणून पाणी. कुठे कपाळावर ओततात, कुठे आपल्यासारखं बुडवतात. सांगणं तेच. तो एकदाच मेला आणि एकदाच उठला. म्हणून आपलंही एकदाच.”

“मग पापं? ती टाकीत राहतात का?”

“ती टाकीत येतच नाहीत रे. ती त्यानं आधीच क्रुसावर उचलली. मावशीला कुंड्यांना पाणी घालू दे.”

पाणी शेवटच्या पायरीला लागले. बघूतरीने उठून खोलीत जाऊन चाक फिरवले आणि तो परत आला.

“तरी त्या मधल्या क्षणात नेमकं काय घडतं, ते राहिलंच.”

“ते मलाही पुरतं ठाऊक नाही,” पाळक म्हणाले. “इतक्यांना मी खाली नेलं. प्रत्येक वेळी माझे हात थरथरतात. तो क्षण माझा नसतो. मी फक्त धरतो.”

“माझ्या डोक्यात अजून प्रश्न आहेत, साहेब.”

“घेऊन उतर. झग्याला खिसे नसतात, पण डोकं बाहेर काढून ठेवायला कुणी सांगत नाही.”

बघूतरीने पाळकांच्या बारीक मनगटांकडे पाहिले, मग गुडघ्याकडे. “मी जड आहे.”

“मी हलक्यांना कधी धरलेलंच नाही.”

“आणि व्हॉल्व्ह? तो झिरपतो.”

“तो व्हॉल्व्ह तू केव्हाच बदलला असतास,” पाळक उठता उठता म्हणाले. “तो बदलला, की रविवारी त्या झरोक्याशी बसायचं निमित्त संपलं. मला काय कळत नाही होय?”

बघूतरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला एवढेच म्हणाला, “झगा कुठे ठेवलायस?” तिने शिवणयंत्रावरून वर पाहिले. यंत्र थांबले. मग त्याने आपणहून चकतीची सगळी कथा सांगितली. ऐकून ती आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. “एवढ्यासाठी मला थांबवलंत?” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे.”

रविवारी सकाळी व्हॉल्व्हच्या खोलीत निराळाच तमाशा. झगा घातलेला बघूतरी मावशीला धडे देत होता.

“हे डावं चाक गरम पाण्याचं. हे थोडं उघडं ठेवायचं. हे उजवं सोडायचं. ह्याला हात लावायचा नाही.”

“कळलं.”

“बारीक धार. करंगळीएवढी.”

“कळलं हो. आता तुम्ही जाता का मी तुम्हाला इथेच बुडवू?”

दारातून तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मावशीने दार लावून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा आपली चाके दुसऱ्याच्या हाती देऊन बघूतरी पुढे गेला. हात रिकामे होते. ते कुठे ठेवायचे, हेच त्याला कळेना.

आधी बायको उतरली. तो पायऱ्यांच्या माथ्यावर उभा होता, उतरायच्या बाजूला. इतकी वर्षे भिंतीआड राहिलेले आज तो समोरून बघत होता. ती पाळकांच्या शेजारी उभी राहिली. त्यांनी विचारले, तिने स्वच्छ आवाजात सांगितले की तिचा प्रभू येशूवर विश्वास आहे. एक हात तिच्या पाठीशी, एक तिच्या जुळलेल्या हातांवर. ती मागे कलली, आणि पाणी तिच्या चेहऱ्यावरून मिटले.

ती दिसेनाशी झाली. पाण्याच्या पाठीवर नुसता उजेड हलत होता. मधला क्षण तो हाच! इतका लहान, इतका रिकामा, आणि आपले माणूस त्याच्या तळाशी! मग पाणी फुटले, ती वर आली आणि समोरच्या पायऱ्या चढून गेली. काठावर पोहोचल्यावर ती वळली आणि त्याच्यासाठी थांबली.

तो उतरला. पाणी छातीला लागले. जरा कोमट, जरा गार; नीट होते. त्याने पाळकांच्या शेजारी जागा घेतली. आणि तेवढ्यात त्याच्या बरगड्यांना ते समजले.

पाणी उतरत होते.

भिंतीपलीकडे मावशीला भाचजावयाची माया आली होती. पाणी थोडे आणखी ऊन करावे म्हणून तिने चाक फिरवले, ते नेमके उजवे. आणि माया मोठी म्हणून ते तिने पुरते फिरवले. पाणी बरगड्यांवरून पोटावर आले. झग्याच्या काठातले नट पिंडऱ्यांना टकटक लागू लागले. समोर बसलेल्यांना अजून काही उमजले नव्हते. पण ह्या माणसाला उमजू नये? त्याचे अंगच ताठ झाले. उजवे चाक, पूर्ण उघडे. धावत गेले तर पाच पावले. तळवा आपोआप पान्ह्यासाठी वळला.

पाळकांनीही कमरेपाशी पाहिले. ओठ न हलवता म्हणाले, “बघूतरी, पाणी उतरतंय.”

“कळलंय, साहेब.”

“जाऊन बघतोस?”

केवढा प्रश्न! त्याच्या सगळ्या जन्माचा शब्द त्याच्यापुढे कुणी तरी हातात धरून उभे होते. त्याने झरोक्याकडे पाहिले. मग काठावर उभ्या असलेल्या, निथळणाऱ्या बायकोकडे पाहिले. ती मान हलवत नव्हती. नुसती बघत होती.

“नको,” तो म्हणाला. “तुम्ही धरा.”

“येशू ख्रिस्त तुझा प्रभू आणि तारणारा आहे, असा तुझा विश्वास आहे?”

“आहे,” तो म्हणाला; आणि आवाज इतका मोठा निघाला, की मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याची डुलकी मोडली.

पाणी आता मांड्यांवर होते. उभ्याने बुडवण्याइतके उरले नव्हते. तेव्हा ते वयोवृद्ध पाळक, ज्यांना खुर्चीतून उठायलाही काठी लागे, त्यांनी दात आवळले आणि तो धरलेला गुडघा वाकवला. टाकीच्या फरशीवर, उतरत्या पाण्यात, ते गुडघे टेकून बसले. त्यांना तसे बसलेले पाहून बघूतरीचे गुडघे आपोआप वाकले. पाठीशी एक बारीक, थरथरता हात आला. त्या हातावर त्याने आपला सगळा भार सोडला. खांदा, पाठ, मान, इतक्या वर्षांची पिशवी, सगळे. आणि तो हात तुटला नाही.

“पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो.”

पाणी चेहऱ्यावरून मिटले. आणि मग त्या हाताने त्याला वर आणले.

तो पायऱ्या चढला तेव्हा टाकीत घोट्याइतकेच पाणी उरले होते. मंडळी गात होती, बायकोने त्याचा हात धरला होता, दोघे जण धावत जाऊन पाळकांना उठवत होते आणि पाळक हसत होते. वर येता येता बघूतरीची नजर भिंतीकडे गेली. झरोक्यात मावशीचा भेदरलेला, भिजलेला डोळा होता. इतकी वर्षे तिथे त्याचा असे.

उपासना संपली तशी मावशी बाहेर आली, हात जोडून, जीभ पहिल्यांदाच बिनधारेची. “जावईबापू, चुकलं हो माझं. मेलं ते चाक...”

“असू दे, मावशी. उद्या तो व्हॉल्व्ह बदलून टाकतो. रंगही देतो.”

“आणि पाणी सगळं गेलं. कुंड्यांना घालणार होते.”

“पुढच्या वेळी घाला. बाधत नाही.”

मावशीने डोळे पुसले. मग त्याच्या जवळ सरकली. टॉवेलात गुरफटलेल्या त्या माणसाकडे बघताना तिचीच उत्सुकता अनावर झाली. “बरं, एक सांगा. इतकी वर्षं डोकं खाल्लंत सगळ्यांचं. मधल्या क्षणात काय होतं, मधल्या क्षणात काय होतं. दिसलं का मग काही?”

बघूतरीने तोंड उघडले. काय सांगावे म्हणून आठवू लागला. पाठीचा हात आठवला. पाण्याचा तो मिटणारा गारवा आठवला. आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असे आश्चर्य पसरले, जसे घड्याळाचे चाक हातात शिल्लक राहिल्यावर लहानपणी पसरले असेल.

“अगं,” तो मावशीला सोडून बायकोकडे वळला, “मी डोळे मिटले होते.”

“म्हणजे?”

“म्हणजे बघायचं राहूनच गेलं.”

आणि तो हसू लागला; आठ्या गेलेल्या त्या शिक्षिकेसारखा, पायरी न दिसणाऱ्या माणसासारखा. टॉवेलातून पाणी ठिबकत होते, ते पुसायलाही त्याला सुचले नाही.